सर मुद्दाम मार्क कमी देतात असं वाटलं तर काय करायचं?

भोगावतीकाठची

नमस्कार. दोन वर्षं इथं नुसतं वाचत आले, आज पहिल्यांदा लिहितेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, सरांचं तर नाहीच. गाव राधानगरी रोडला, रोज एसटीनं येते. पहिली गाडी वेळेवर आली तर आठच्या प्रॅक्टिकलला पोचते, नाही आली तर दहा मिनिटं उशीर ठरलेला. उशीर झाला की सर म्हणतात, "आल्या बघा म्हशींच्या धारा काढून." वर्ग हसतो. धारा मी खरंच काढून येते, दोन म्हशींच्या, त्यामुळं त्याचं मला पहिल्यांदा काही वाटलं नव्हतं.

मग एकदा मी म्हणाले, "सर, मागच्या वेळी मी आलो होतो." आमच्याकडं बायका असंच बोलतात. सर म्हणाले, "आलो? पोरगा आहेस काय?" तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडलं की मागून कुणीतरी "आलो, आलो" करतं आणि सर हसतात.

हेही सोडून दिलं असतं. पण ऑगस्टमध्ये टायट्रेशन होतं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून रंग बदलतो कधी ते बघायचं. दोघींत एक ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली काचेची नळी. मी आणि माझी पार्टनर, आम्ही एकाच ब्युरेटवर रीडिंग घेतलं. तिन्ही वेळा ९.८. फ्लास्कमध्ये अगदी फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, तो मीच आणला होता, नळी माझ्या हातात होती. गणित एकच, उत्तर एकच. जर्नल, म्हणजे प्रयोगवही, परत आलं तेव्हा तिला दहापैकी ९, मला ५. तिच्यावर राग नाही, ती चांगली मुलगी आहे. ती सरांच्या खासगी क्लासला जाते, मी जात नाही, परवडत नाही.

आता अंतर्गत गुण लागलेत, त्यात मी वर्गात शेवटून तिसरी आहे. लेखी परीक्षेत मात्र पहिल्या दहांत. बाबा म्हणतात गप बस, पुढच्या वर्षी प्रोजेक्टलाही हेच सर असतील. मला गप बसवत नाही. काय करू?

गंगावेसकर

बाळ, मन लावून अभ्यास कर. आमच्या वेळचे सर छडीनं मारायचे, त्यांच्यामुळंच आम्ही घडलो. आजकाल मार्क कमी पडले की लगेच भेदभाव. दहा मिनिटं उशिरा येणं हीसुद्धा बेशिस्तच आहे.

शिरोळची_लेक

गंगावेसकर काका, छडी सगळ्यांना सारखी बसत होती ना? इथं प्रश्न तोच आहे. एका ब्युरेटला दोन भाव कसे?

उत्तरेश्वर_पैलवान

ताई तू फक्त कॉलेज सांग. तालमीतली धा पोरं घेऊन येतो. काय करायचं नाही, नुसतं दारात हुबं ऱ्हायचं. सर दुसऱ्या दिवशी धापैकी अकरा देत्यात बघ.

शिरोळची_लेक

दादा, तुमची माया कळली. पण धा पोरं दारात उभी राहिली की विषय मार्कांचा राहत नाही, पोरांचा होतो. आणि त्या पोरीचं कॉलेज घरचे बंद करतात. आमच्या गल्लीत झालंय.

उत्तरेश्वर_पैलवान

व्हय, हे बी खरं. मग मी गप वाचतो. पर गरज लागली तर हाय म्हणून सांगून ठेवतो.

गडहिंग्लजचा_गणू

मी तीन वर्षं असंच काढलं. माझ्या बाबतीत कारण वेगळं होतं, एका निवडणुकीत वडिलांचा आणि सरांच्या भावाचा वाद झाला होता. मी गप बसलो. डिग्री मिळाली, नोकरी मिळाली, आज गोकुळ शिरगावला एका कारखान्यात क्वालिटी बघतो. पण अजून कुणी वरिष्ठ माझा रिपोर्ट हातात घेऊन गप्प झाला की पोटात गोळा येतो. नोकरीला आता अकरा वर्षं झाली. गप बसायला मी सांगणार नाही.

निवृत्त_खडू

मी ३१ वर्षं शिकवलं, शास्त्र शाखेतच. या मुलीला आधी मी दोन प्रश्न विचारतो, ते बोचतील.

एक, प्रॅक्टिकलच्या मार्कांत नुसतं उत्तर नसतं. उपस्थिती, तोंडी प्रश्न, मांडणी, जर्नल वेळेवर देणं हे सगळं असतं. तुझे चार मार्क तिथं गेले नसतील कशावरून? दोन, हे एकदाच झालं की दर वेळी होतं? एका प्रयोगावरून मी कुणावर आरोप करू देणार नाही.

आता माझ्याबद्दल लिहितो. नोकरीच्या आठव्या वर्षी एकदा सहकाऱ्याला ताप आला म्हणून त्याचा आणि माझा गठ्ठा एकत्र तपासायला घेतला. दोन मुलांनी एकमेकांची चाचणी शब्दशः उतरवली होती. पहिल्याला मी १५ दिले होते, दुसऱ्याला ११. पहिला पहिल्या बाकावरचा, नमस्कार करणारा, स्वच्छ शर्टाचा. दुसरा चंदगडकडचा, मान खाली घालून बसणारा. मला त्या मुलाचा राग नव्हता, द्वेष नव्हता. मी वाईट माणूस आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तरी चार मार्क गेले. त्या दिवसापासून मी नावावर कागद चिकटवून तपासायला लागलो.

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचा नंबर झाकलेला असतो, तपासणाऱ्याला मूल कोण ते कळत नाही. अंतर्गत गुणांना ते झाकण नाही. मुली, लेखीला तू पहिल्या दहांत आणि अंतर्गतमध्ये शेवटून तिसरी, यातला फरक नीट बघ. तुझ्या तक्रारीचा कणा तिथं आहे.

लॅबमधला_मामा

मी एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो, पोरं मामा म्हणतात. काचेचं सामान देणं-घेणं, सोल्युशन करणं, फुटलं तर लिहून ठेवणं. खडू सर सांगतायत ते मी रोज बघतो. जर्नल त्या दिवशी कोण तपासत नाही. टर्म संपत आली की गठ्ठा येतो, एका बसणीत साठ जर्नल. तेव्हा टायट्रेशन कुणी नीट केलं हे कुठलं आठवायला? चेहरा आठवतो. जो चेहरा आवडतो त्याला ९.

आमच्याकडं एक मॅडम होत्या. त्या पोराच्या टेबलापाशी जायच्या, ब्युरेट बघायच्या, तिथंच रीडिंगवर सही आणि मार्क. पोरगं घरी जायच्या आधी त्याला मार्क माहीत. त्यांच्याबद्दल एकही तक्रार आली नाही, आणि मार्क लई कमी द्यायच्या हां त्या.

शिरोळची_लेक

मामा, +१. हे कुणी सांगत नाही.

दसराचौक_बोर्डिंग

वरचं "आलो" वाचून राहवलं नाही. माझी आजी, आई, दोन्ही मावश्या "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. भुदरगड, कागल, करवीर, कुठंही जा. आमच्यात मुलगी "मी जाते" म्हणाली तर "लई शहाणी झालीस" म्हणतात. ही चूक नाही, इथली बोली आहे. रसायनशास्त्राच्या सरांना तिचं व्याकरण तपासायचं काम कुणी दिलं?

पापाची_तिकटी

माझी बायको पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या आत्तीचा फोन आला, "मी उद्या येतो गं." बायकोनं पुरुषमाणूस येणार म्हणून बाहेरच्या खोलीत गादी घातली. आता ती स्वतःच "आलो, आलो" म्हणून दार उघडते.

महाद्वाराची_मालन

विषयांतर होतंय, पण पापाची तिकटी, त्या आत्तींना नमस्कार सांगा. आणि मुली, तुला हसणाऱ्या पोरांतल्या निम्म्यांच्या आया घरी हेच बोलत असणार.

गंगावेसकर

सगळं मान्य. पण गुरूविरुद्ध लेखी तक्रार करणं मला पटत नाही. आपल्या कोल्हापूरची ती रीत नाही.

दसराचौक_बोर्डिंग

काका, आदर ठेवून सांगतो, कोल्हापूरची रीत नेमकी हीच आहे. मी स्वतः बोर्डिंगात राहून शिकलो. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. कशासाठी? खेड्यातलं पोर शिकायला शहरात आलं की त्याला टेकायला जागा नव्हती आणि जो तो त्याला त्याची पायरी दाखवत होता. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखीव केल्या, तेव्हाही "योग्यता बघा" म्हणणारे कमी नव्हते. ही मुलगी पहाटे धारा काढून एसटीनं येते. महाराजांनी ज्या पोरांसाठी दारं उघडली त्यातलीच ही.

करवीरची_वकील

उशिरा आले. मी वकिली करते, लहान भाऊही शिकतो, म्हणून मला जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नियम काढलेत. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार ज्येष्ठ शिक्षक, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित. यात किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीतली व्यक्ती हवीच. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा, त्याची प्रत तुला द्यायची. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त अनुभवी प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. त्यांना ३० दिवस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "माझे मार्क वाढवा" असा अर्ज लोकपाल घेत नाहीत. पुन्हा तपासणीच्या तक्रारीत ठरावीक गडबड किंवा भेदभावाची ठरावीक घटना दाखवावी लागते. त्यामुळं "सर माझ्यावर राग धरतात" असं लिहिलंस तर हाती काही येणार नाही. "अमुक तारखेच्या प्रयोगात एकाच ब्युरेटचं एकच रीडिंग असून दोन जर्नलांत ९ आणि ५ गुण आहेत, निकष कळावेत" असं लिहिलंस तर समितीला उत्तर द्यावं लागेल. गुण देण्याची पद्धत पारदर्शक नसणं हीसुद्धा त्या नियमांत तक्रारच आहे.

अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारही आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच मान्य केलाय. तुझ्या गुणांची फोड मागता येईल.

एक विचारते, नको असेल तर उत्तर देऊ नकोस. यात जातीचा काही भाग आहे का?

उत्तरेश्वर_पैलवान

वकीलताई, आता तर हायकोर्टाचं बेंच बी कोल्हापुरात आलंय. एवढी वर्षं भांडून आणलं. तिथं जायचं का?

करवीरची_वकील

नको हो दादा. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच सुरू झालं त्या दिवशी मीही रडले. पण पाच आणि नऊच्या फरकासाठी पहिली पायरी विभागप्रमुख, मग समिती. पायऱ्या चुकवल्या की पहिला प्रश्न तोच येतो, "तिथं का गेला नाहीत?"

भोगावतीकाठची

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. काल रात्री सगळं दोनदा वाचलं.

खडू सर, तुमच्या प्रश्नांचं वाईट वाटलं नाही. आज सगळी जर्नलं काढून बसले. आठ प्रयोग झाले. त्यातल्या तीन दिवशी मला उशीर झाला होता, ते मान्य. पण टायट्रेशनच्या दिवशी मी ७:५० ला दारात होते, आमच्या लॅबच्या मामांनी कुलूप काढायच्या आधी. तोंडी प्रश्न त्या दिवशी कुणालाच विचारले नव्हते. जर्नल मी पार्टनरच्या सोबतच दिलं. पार्टनरला भीत भीत विचारलं, तिनं स्वतःहून तिच्या आठही प्रयोगांचे फोटो पाठवले. पाच प्रयोगांत आमचं रीडिंग एकच आहे. पाचही वेळा तिला माझ्यापेक्षा तीन ते चार जास्त.

वकीलताई, जातीचं मला ठामपणे सांगता येत नाही. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांची आडनावं विचारली. माझं सांगितल्यावर "म्हणजे कोण?" असं परत विचारलं. बाकी कुणाला परत विचारलं नाही. एवढंच. त्यावर मी काय अर्थ काढू?

करवीरची_वकील

अर्थ काढू नकोस. जसं घडलं तसं लिहून ठेव. तारीख, वार, तास कुठला, शब्द काय, शेजारी कोण बसलं होतं. "सरांनी जातीवरून हिणवलं" असं लिहायचं नाही, "सरांनी आडनाव ऐकून 'म्हणजे कोण' असं विचारलं, इतरांना विचारलं नाही" असं लिहायचं. "आलो"वरून हसणं, धारांवरून बोलणं, तेही तारखेनिशी. अर्थ समितीला काढू दे. आणि पुढं सरळ जातीवाचक बोलणं झालं तर तो रस्ता वेगळा, तेव्हा मला लगेच निरोप कर.

निवृत्त_खडू

पाचही प्रयोगांत? मग मी माझा पहिला प्रश्न मागं घेतो.

आता माझं ऐक. अर्ज देण्याआधी सरांना एकदा भेट, पण एकटी नको. पार्टनर येत असेल तर तिला घे. दोन्ही जर्नलं समोर ठेव आणि फक्त एवढं विचार, "सर, माझं कुठं चुकलं ते सांगा, पुढच्या वेळी सुधारते." आवाज चढवायचा नाही. चांगला शिक्षक असेल तर त्याला तिथंच लाज वाटेल. मला वाटली होती. तो रागावला तर तेही तारखेनिशी वहीत.

गडहिंग्लजचा_गणू

पार्टनरला मानलं. तिला तोटाच आहे यात, तरी फोटो दिले.

लॅबमधला_मामा

७:५० ला दारात कोण होतं हे तुमच्या कॉलेजच्या मामाला नक्की आठवत असेल. आम्हाला सगळं आठवतं. विचार त्याला, पण नोकरीवर येईल असं काही सही करायला सांगू नकोस.

महाद्वाराची_मालन

बाबांना काय सांगितलंस?

भोगावतीकाठची

सांगितलं. आधी जेवायचं थांबले. मग म्हणाले, "कागद नीट लिही, शाई पुसणार नाही असं पेन घे."

गंगावेसकर

पोरी, मी काल फार सहज बोलून गेलो. आमच्या सुनेला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मलाही कॉलेजात 'ए राधानगरी' म्हणून हाक मारायचे, तुम्हाला कधी सांगितलं नाही." नऊ वर्षं झाली लग्नाला. तू अर्ज कर. झेरॉक्स, पोस्ट, काही लागलं तर आमचं दुकान गंगावेशीत आहे, रंकाळा स्टँडवरून चालत दहा मिनिटं. पैसे घेणार नाही.

शिरोळची_लेक

काका 🙏

करवीरची_वकील

अर्जाच्या दोन प्रती कर. एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. "ठेवून जा" म्हणाले तर नम्रपणे उभी राहा. ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथंही टाक आणि स्क्रीनचा फोटो काढ.

पापाची_तिकटी

दोन आठवडे झाले. काय झालं? आमच्या घरी रोज विचारतायत, आत्तीसुद्धा.

भोगावतीकाठची

उशीर झाला लिहायला, ऊसतोड सुरू झालीय, घरी माणूस नाही.

सरांना भेटलो, दोघी. सर जर्नलं न उघडता म्हणाले, "मार्क मागायला आलात? बाहेर जा." पार्टनर म्हणाली, "सर, मी मार्क मागत नाही. माझे जास्त आहेत, ते का हे विचारतेय." मला हे आयुष्यभर आठवेल. सर काही बोलले नाहीत.

मग विभागप्रमुख मॅडमकडं गेलो. त्यांनी दोन्ही जर्नलं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि पानं उलटत गेल्या. चौथ्या प्रयोगापाशी चष्मा काढला. म्हणाल्या, "लेखी दे, तोंडी मला काही करता येणार नाही." गंगावेसकर काकांकडं जाऊन झेरॉक्स काढल्या, काकूंनी चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. अर्ज दिला, शिक्का मिळाला. आज कामकाजाचा नववा दिवस. समितीनं दोघींना एकदा बोलावून विचारलं, त्यात एक मॅडम होत्या, त्यांनी "आलो"चं नीट लिहून घेतलं. निकाल अजून नाही. मार्क तेवढेच आहेत.

एक मात्र बदललं. विभागप्रमुख मॅडमनी सगळ्या बॅचेसना सांगितलं की रीडिंगवर सही आणि मार्क त्याच दिवशी, टेबलापाशीच. गेल्या गुरुवारी सर माझ्या टेबलाशी आले, ब्युरेट बघितली, ७ दिले. पार्टनरलाही ७. एकही शब्द बोलले नाहीत. वर्गात चिडवायला "आलो" म्हणणारं एकजण अजून आहे.

लॅबमधला_मामा

७ आणि ७. वाचून डोळ्यात पाणी आलं.

निवृत्त_खडू

पंधराव्या दिवशी अहवाल आला नाही तर सोळाव्या दिवशी स्मरणपत्र दे. त्याचीही पोच घे.

उत्तरेश्वर_पैलवान

आनी त्या पार्टनरला आमच्याकडनं मिसळ. तू बी ये.

भोगावतीकाठची

देते सर. सोळाव्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबांनीच गोल करून ठेवलीय. पैलवान दादा, मिसळीला रविवारी दोघी येऊ, वकीलताईंनापण बोलवा. आता झोपतो, पहाटेच्या धारा आहेत.